नाशिकच्या वाइनरी, मिसळ आणि सहा जणांचं जेवण: सल्ला हवा आहे

सहा_जण_एक_गाडी
फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी पुण्याहून नाशिक. चौघं वाइन पिणारे, पण नवखे. आई-बाबा सत्तरीचे, शुद्ध शाकाहारी, घेत नाहीत. शनिवारी सकाळी दहापर्यंत पोचू, रविवारी दुपारी परत निघू. प्रश्न असे:
१. किती वाइनरी झेपतील? मनात चार आहेत.
२. वेलीवर घड दिसतील का?
३. मिसळ कधी खायची?
४. महाराष्ट्रीय जेवणाबरोबर कुठली वाइन जाते?
५. बाटल्या पुण्यापर्यंत नीट कशा आणायच्या?

द्राक्षबागाईत
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तारीख त्यावर ठरते. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी फळासाठी. वाइनच्या द्राक्षाची तोड साधारण डिसेंबरअखेर ते मार्च. स्पार्कलिंगसाठीची (म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनची) फळं आंबटपणा टिकावा म्हणून आधी उतरवतात, मग सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ, शेवटी शिराझ, कॅबर्नेसारखी काळी द्राक्षं. म्हणजे तुमच्या तारखेला पांढऱ्या जातींचे बरेच प्लॉट रिकामे झालेले असतील, काळी मात्र वेलीवर असतील. वाइनरीत विचारताना "घड आहेत का" असं मोघम विचारू नका. "शिराझचा प्लॉट तोडला का" असं विचारा, नेमकं उत्तर मिळतं.

ते घड तोंडात टाकून "हे काय, खायच्या थॉम्पसनपेक्षा बारीक आणि बियाळ" असं म्हणू नका. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचंच असतं. काळ्या द्राक्षाचा रंग आणि तुरटपणा साल-बियांतूनच येतो. टबात द्राक्षं तुडवायचा खेळ फक्त पाहुण्यांसाठी असतो, त्याची वाइन होत नाही.

तळघर
चार वाइनरी एका दिवसात? दोन. तिसरीपासून सगळ्या वाइन एकाच चवीच्या लागायला लागतात.

गंगापूर-सावरगाव बाजूला सुला, सोमा आणि यॉर्क एकमेकांपासून फार लांब नाहीत. यांतल्या दोन घ्या. इगतपुरीकडच्या व्हॅलोने आणि ग्रोव्हर झांपा मुंबईहून येणाऱ्यांना वाटेवर पडतात. पुण्याहून सिन्नरमार्गे येणाऱ्याला तो उलटा फेरा आहे. दिंडोरीकडे शांदों आहे, पण तिकडे जायचं तर तो दिवस वेगळाच ठेवा आणि आधी फोन करा.

पहिली वाइनरी मोठी घ्या, म्हणजे टाक्या, पिंपं, बाटलीबंद करायची यंत्रं एकदा नीट बघून होतात. दुसरी लहान घ्या आणि तिथे फेरी न मारता फक्त बसा. शनिवारी अकराच्या आत पोचलात तर सांगणारा माणूस सावकाश सांगतो. दुपारी चारनंतर मुंबईची गर्दी येते, मग तीच माहिती धावत मिळते. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास आहे. बाहेरचं टेबल हवं असेल तर ते फोनवरच पक्कं करा आणि "बाहेरचं" हा शब्द दोनदा म्हणा.

आई-बाबांसाठी शाल घ्या. बाहेर ऊन असलं तरी टाक्यांची खोली थंड असते. पायऱ्या किती आहेत तेही विचारून घ्या.

मिसळभक्त
मिसळ शनिवारी सकाळी पोचल्या पोचल्या! चुलीवरच्या मिसळीची ठिकाणं गंगापूर रस्त्याच्या बाजूलाच आहेत, वाइनरीच्या वाटेवर. साधना तिथलीच. शहरात काळ्या रश्श्याची हवी असेल तर पंचवटीत अंबिका. रविवारी रांग असते, म्हणून शनिवारच बरा. सोबत पापड, दही आणि जिलबी घ्याच.

तळघर
मिसळभक्त, बाकी सगळं मान्य, पण वेळ चुकली. तर्रीने जीभ भाजली की पुढचे दोन तास शेनँ ब्लाँ आणि लिंबूपाणी यांत फरक कळत नाही. टेस्टिंगच्या आधी मिसळ नाही, पान नाही, मुखवास नाही, मसाला सुपारी नाही, कडक कॉफीही नाही. अंगावर अत्तर मारून येणारा माणूस स्वतःबरोबर शेजारच्याचीही चव घालवतो.

शनिवारी वाटेत पोहे किंवा इडली खा. रिकाम्या पोटी टेस्टिंगला बसू नका. मिसळ रविवारी आठ-साडेआठला, हॉटेल सोडल्यावर. आई-बाबांसाठी "तर्री वेगळी द्या" म्हणून सांगा. मटकी-फरसाणावर साधा रस्सा घेऊन वरून हवी तेवढी तर्री घालता येते.

हिशेबी
गाडी कोण चालवणार, हे धाग्यात कुणीच विचारलं नाही. टेस्टिंगमध्ये सहसा पाच-सहा वाइन, प्रत्येकी साधारण ३० मिली ओततात. म्हणजे १५० ते १८० मिली, पूर्ण एक ग्लास. १२.५ टक्क्यांनी त्यात १५ ते १८ ग्रॅम अल्कोहोल होतं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. सत्तर-पंच्याहत्तर किलोचा पुरुष एका टेस्टिंगनेच तिथे टेकतो, पंचावन्न किलोची बाई सरळ ओलांडून जाते. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमच्याकडे दोन वाइनरी आहेत. म्हणून एक तर चौघांतला एक जण पूर्ण कोरडा राहील, नाहीतर गाडी हॉटेलवर ठेवून शनिवारपुरती ड्रायव्हरसह गाडी सांगा. थांबायचे तास आधी ठरवा. परतीच्या वेळी वाइनरीच्या फाटकावर रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका.

टेस्टिंगच्या टेबलावर थुंकायचं भांडं असतं. नसलं तर मागा. आपल्याकडे पैसे देऊन घेतलेलं थुंकायचं म्हणजे जिवावर येतं, पण जगभरचे चाखणारे तेच करतात.

द्राक्षबागाईत
चौथा प्रश्न मोठा आहे.

तिखट आणि वाइन यांचं भांडण दोन गोष्टींमुळे होतं. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, म्हणून १४ टक्क्यांची रेड ठेच्याबरोबर घेतली की दोन्ही वाया. आणि रेडमधला तुरटपणा तिखटावर कडवट लागतो. म्हणून तिखट ताटाला कमी अल्कोहोलची, जराशी गोडसर, थंड पांढरी. शेनँ ब्लाँ इथे चालते, कारण इथल्या बऱ्याच शेनँमध्ये थोडी साखर राखलेली असते. मिसळीबरोबर मात्र ताकच.

तळणाबरोबर स्पार्कलिंग घ्या. साबुदाणा वडा, कांदाभजी, बटाटेवडा, अळूवडी. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून तेल धुऊन काढतात, मिठामुळे वाइन गोलसर लागते. रेस्टॉरंटात पहिली फेरी हीच ठेवा, नवख्यांनाही लगेच पटते.

भरलं वांगं, खानदेशी भरीत, शेंगदाण्याचं कूट घातलेल्या भाज्या यांना शिराझ जाते, अट एवढीच की तिखट मध्यम हवं. काळ्या मसाल्यातल्या मटणालाही तीच. सोव्हिन्यों ब्लाँ कोथिंबीर-लिंबू पडलेल्या पदार्थांबरोबर खुलते: कोशिंबीर, कोथिंबीर वडी, पनीर टिक्का.

पुरणपोळीबरोबर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली वाइन घेऊ नका. वाइन पदार्थापेक्षा गोड नसेल तर ती आंबट आणि पाणचट लागते. तिथे लेट हार्व्हेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड) शेनँ, तीही ५० मिली पुरे.

तळघर
त्याला जोडून, रेडच्या तापमानाबद्दल. "रूम टेंपरेचर" हा शब्द युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. फेब्रुवारीच्या दुपारी नाशिकला पारा तिशीला टेकतो. त्या तापमानाची शिराझ म्हणजे नुसता अल्कोहोलचा भपकारा. वेटरला बर्फाची बादली मागा आणि बर्फात पाणी घालायला सांगा. नुसत्या बर्फाच्या खड्यांत बाटली लवकर गार होत नाही, खड्यांमधल्या पोकळ्यांत हवाच असते. रेडला दहा-बारा मिनिटं (१६-१८ अंश), पांढरीला पंचवीस-तीस (८-१० अंश), स्पार्कलिंगला त्याहून थोडं जास्त. "रेडला बर्फ?" म्हणून वेटर बघेल. बघू द्या.

सहा_जण_एक_गाडी
फारच उपयोगी. दोन वाइनरी आणि ड्रायव्हरसह गाडी, ठरलं. मिसळ रविवारी. अजून दोन: रेस्टॉरंटात बाटली घ्यावी की ग्लास? आणि बाबा विचारतात, वाइन शाकाहारी असते का?

हिशेबी
७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. चौघं एकच वाइन पिणार असाल तर बाटली बहुतेक वेळा स्वस्त पडते. प्रत्येकाला वेगळी हवी असेल तर ग्लास, पण आधी विचारा: "ही बाटली कधी उघडली?" पांढरी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस बरी राहते, रेड तीन-चार. स्पार्कलिंग नीट बूच लावलं नसेल तर दुसऱ्या दिवशी संपली समजा. उत्तर चाचरत आलं तर दुसरी वाइन घ्या.

बिलात खाण्यावर जीएसटी असतो, वाइनवर व्हॅट. वाइनवर जीएसटी लावला असेल तर बिल परत पाठवा. सेवा शुल्क ऐच्छिक आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं स्पष्ट केलंय. काढायला सांगितलं की काढतात. वेटरला जे द्यायचं ते हातात द्या.

द्राक्षबागाईत
बाबांचा प्रश्न रास्त आहे. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात. तो नंतर गाळात बसतो आणि काढून टाकतात, पण ज्याला पाळायचं त्याला तेही चालत नाही. बेंटोनाइट नावाची माती वापरूनही तेच काम होतं. फेरीत थेट विचारा: "फायनिंग कशाने करता?" माहीतगार माणूस जागेवर सांगतो.

तळघर
बाटली सदोष आहे हे कसं ओळखायचं तेही लिहितो, नाहीतर लोक गप्प पितात. ओल्या गोणपाटाचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलंय. नेलपॉलिश रिमूव्हरचा किंवा व्हिनेगरचा वास आला तरीही परत करा. पांढरी वाइन तपकिरीकडे झुकली असेल तर हवा लागलीय. कुजक्या अंड्याचा हलका वास मात्र कधीकधी ग्लास घोळवल्यावर जातो, दोन मिनिटं थांबा. तळाशी काचेसारखे कण दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी. आणि नुसती आवडली नाही म्हणून बाटली परत होत नाही.

हिशेबी
राहिला पाचवा. विकत घेताना लेबलवरचं साल बघा. इथली सोव्हिन्यों आणि शेनँ ताजीच प्यायची असते, दोन वर्षांपेक्षा जुनी घेऊ नका. उन्हातल्या काचेच्या कपाटातली बाटली नको, आतून काढून मागा. बाटल्या रविवारी निघतानाच घ्या. शनिवारी घेऊन दिवसभर डिकीत ठेवल्या की बूच वर सरकतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते. परतीत टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, एसी तिथे पोचतो. संगमनेरला जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा. पक्कं बिल जवळ ठेवा. आणि ऐनवेळी कुणी "सापुतारा ऐंशीच किलोमीटर आहे, चक्कर मारू" म्हणालं तर बाटल्या आधी नाशिकला ठेवून जा, पलीकडे गुजरातची दारूबंदी आहे.

मिसळभक्त
रविवारच्या मिसळीला साडेआठच्या आत पोचा. नंतर सहा जणांना एक टेबल मिळत नाही, तीन-तीन करून बसावं लागतं.