एक्सेल असताना डेटाबेस कशाला?
वर विचारलंय, सगळं एक्सेलमध्ये मावतं तर डेटाबेस हवाच कशाला? आमच्या वाचनालयाच्या शीटमध्ये सभासदाचा पत्ता त्याने नेलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे पुन्हा पुन्हा लिहिलेला असायचा. कुणी घर बदललं की ४० ओळी दुरुस्त करा, त्यातही एखादी राहतेच! डेटाबेसमध्ये सभासदांचा तक्ता वेगळा, पुस्तकांचा वेगळा; देवघेवीच्या तक्त्यात तारखा आणि दोघांचे क्रमांक, बस्स. पत्ता एकाच जागी. आयबीएम या संगणक कंपनीतल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली ही मांडणी. वेगाचं म्हणाल, तर सभासद क्रमांकावर इंडेक्स (म्हणजे नोंद पटकन शोधून देणारी वेगळी सूची) केला की पुस्तकामागच्या सूचीसारखं थेट हव्या त्या पानावर जाता येतं. पण दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स लावत सुटू नका. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तेही बदलावे लागतात.