मदत हवी आहे: नॅनोफायबरच्या जाळीत पेशी आत शिरत नाहीत

नमस्कार मंडळी,

बायोमटेरियल किंवा सेल कल्चरमध्ये काम करणारं इथे कोणी असेल तर सल्ला हवा आहे.

पीएचडीसाठी मी हाडातली पोकळी भरून काढणारी जाळी इलेक्ट्रोस्पिनिंगने (विजेच्या उच्च दाबाने द्रावणातून अतिबारीक धागे ओढून) बनवते आहे. हाड म्हणजे कोलॅजनचे तंतू आणि त्यांत रुजलेलं खनिज. म्हणून कोलॅजनऐवजी जिलेटिन, ताकदीसाठी पीसीएल (शरीरात हळूहळू विघटित होणारं पॉलिमर) आणि हाडातल्यासारखं कॅल्शियम-फॉस्फेट खनिज म्हणून नॅनो हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. पीसीएल-जिलेटिन ७०:३०, सॉल्व्हंट ट्रायफ्लोरोइथेनॉल. द्रावण ठेवलं की दुधाळ होऊन फुटायचं, ते किंचित अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घातल्यावर थांबलं. खनिजाची पावडर आधी सॉल्व्हंटमध्ये सोनिकेट करते (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडते), त्यामुळे सुई फारशी तुंबत नाही. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) धागे सुरेख दिसतात.

खरी अडचण पुढे आहे. एमसी३टी३-ई१ पेशी (उंदराच्या, हाड बनवणाऱ्या) जाळीवर छान पसरतात, पण आडवा छेद घेतला की सगळ्या वरच्याच थरात. धागे काहीशे नॅनोमीटरचे, त्यामुळे त्यांच्यामधली छिद्रं जेमतेम काही मायक्रॉनची. पेशी १०-२० मायक्रॉनची. हिरडीच्या पेशींना अडवणारा दातांच्या उपचारातला पडदा करायचा असता तर हेच हवं होतं. मला मात्र हाड आतपर्यंत भरायला हवंय, आणि रक्तवाहिन्या आत गेल्याशिवाय मधल्या पेशी जगायच्या नाहीत.

आता दुसऱ्या सुईतून पीईओचे (पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचे) धागे सोबत काढायचे आणि नंतर पाण्याने धुऊन टाकायचे असा विचार आहे. पण पाण्यात जिलेटिनचंही नुकसान होणार, म्हणजे क्रॉसलिंकिंग (जिलेटिनचे रेणू एकमेकांना बांधणं) आधीच करायला हवं. ते ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफेने केलं तर वाफेतल्या ओलाव्याने पीईओ तिथेच चिकटून बसेल असं वाटतं, शिवाय उरलेलं रसायन पेशींना घातक. पीईओ थंड इथेनॉलमध्ये फारसं विरघळत नाही, म्हणून ईडीसी-एनएचएस (ही दुसरी रसायनं) वापरून क्रॉसलिंकिंग भरपूर इथेनॉल आणि थोड्या पाण्यात करून मग धुवावं का? हा क्रम कोणी वापरलाय? धुऊन वाळवल्यावर जाळी चपटी बसू नये म्हणून फ्रीझ-ड्राय पुरतं का?

आणखी एक. अ‍ॅलिझारिन रेड हा पेशींनी तयार केलेलं कॅल्शियम दाखवायचा रंग, पण तो जाळीतल्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटलाही लाल करतो. पेशी न घातलेली जाळी तितकेच दिवस त्याच माध्यमात ठेवून तिचं रीडिंग वजा करते आहे. परीक्षक एवढ्यावर मान्य करतात, की एएलपीसोबत (हाड बनण्याच्या सुरुवातीला वाढणारं एन्झाइम) ऑस्टिओकॅल्सिनही (नंतरच्या टप्प्यातलं हाडाचं प्रथिन) दाखवावंच लागतं? आमच्याकडे त्याची सोय नाही, बाहेरून करून घ्यावं लागेल, म्हणून आधीच विचारते आहे.