मदत हवी आहे: नाइट मंडळाची सभा शिस्तीत कशी चालवावी? (मिरज)

कृष्णाकाठ
सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीत १२ ते १७ वयाच्या २१ मुलांचं नाइट (knight, म्हणजे जुन्या युरोपातला सरदार-योद्धा) मंडळ आहे. पेज (सेवक), स्क्वायर (योद्ध्याचा मदतनीस), नाइट अशा तीन पायऱ्या. महिन्यातून एकदा उपासनेनंतर दीड तास सभा. पाऊण तास मेणबत्त्या, झेंडे नि शपथांतच जातो, हिशेब घाईत उरकतो, आणि ठराव नक्की काय झाला यावर पुढच्या महिन्यात भांडण. क्रम कसा लावावा? पदवीविधीला, म्हणजे पुढच्या पायरीवर घेताना खांद्याला तलवार टेकवतात त्याला, खरी तलवार चालेल का?

जुना_चिटणीस
विधी नि कामकाजाची सरमिसळ झालीय. सुरुवात १० मिनिटांत आटपा: मेणबत्ती, बायबलमधल्या इफिसकरांस ६:१०-१७ चं वाचन, प्रार्थना. मग हजेरी. नियमावलीत गणपूर्ती (ठरावासाठी लागणारी किमान हजेरी) एक तृतीयांश ठेवा, म्हणजे २१ पैकी ७. तेवढे नसतील तर वचनाचा अभ्यास घ्या, ठराव नको. पुढे मागचं इतिवृत्त कायम करणं, जमाखर्च, राहिलेली कामं, नवे विषय. पदवीविधी सगळ्यात शेवटी. आधी घेतलात तर आईबाप फोटो काढून पोरांना घेऊन जातात आणि गणपूर्ती मोडते.

ठरावाला सूचक, अनुमोदक हवेतच. चिटणीसाने वाक्य लिहून मोठ्याने वाचावं, मगच हात वर. ‘सहलीचं बघू’ हा ठराव नव्हे. ‘दुसऱ्या शनिवारी दंडोबाला सहल, माणशी १५० रुपये, पैसे खजिनदाराकडे’ हा ठराव. दुरुस्ती आली तर आधी दुरुस्तीवर मत, नंतर मूळ ठरावावर. अध्यक्षाला बाजू मांडायची असेल तर तेवढ्यापुरती खुर्ची उपाध्यक्षाकडे. मतं सारखी पडली की ठराव नामंजूर. अध्यक्षाला निर्णायक मत द्यायचं असेल तर ते आधीच नियमावलीत लिहा, ऐनवेळी नको.

घंटानाद
तलवार लाकडीच घ्या. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद धारदार पातं शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं, उगाच पोलिसांचं लचांड. पातं आडवं, सपाट बाजूने आधी उजव्या खांद्यावर, मग डाव्या. मधे ते डोक्यावरून उचलून न्या. तोंडासमोरून फिरवलं की चष्मा उडतो. आदल्या सभेत एकदा रंगीत तालीम घ्या.

बोलायची पाळी दाखवायला मात्र तलवार देऊ नका, लगेच लढाई जुंपते. वीतभर लाकडी ढाल पुरे, ती अध्यक्षांकडून घ्यायची नि त्यांनाच परत द्यायची. मेणबत्तीला कंदिलाची काच लावा, पंख्याखाली ती टिकत नाही.

अजून एक. टेम्पलरांच्या (मध्ययुगातल्या व्रतस्थ ख्रिस्ती योद्ध्यांच्या) रविवारच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे सभेत, बंधू उभे राहून आपले अपराध कबूल करत. ते पुस्तकात वाचून मुलांवर लादू नका. ती सगळी वयात आलेली, व्रत घेतलेली माणसं होती. कुणाची चूक असेल तर पाळकांशी एकट्यात.

कृष्णाकाठ
आभार. शपथ प्रत्येक सभेला घ्यायची?

जुना_चिटणीस
नाही. पायरी चढताना एकदाच. चार ओळींची ठेवा आणि चिठ्ठीवर लिहून हातात द्या. ऐन वेळी पाठ केलेलं हमखास विसरतात.