मदत हवी आहे: संमतीच्या घटस्फोटासाठी पुण्यात वकील कसा पारखावा?

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली अर्ज करायचाय. नवरा-बायको १४ महिने वेगळे राहतात, मुलगी ६ वर्षांची. पोटगी, ताबा तोंडी ठरलंय.

अर्ज केल्यावर अंतिम हुकुमाआधी कायद्याने ६ महिने थांबावं लागतं. एक वकील म्हणतात, "६ महिने थांबायची गरज नाही, माफी मिळते." सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने माफीची वाट मोकळी केली खरी, पण त्यात अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहिल्याची अपेक्षा आहे. १४ महिन्यांवर इथे माफी मिळते का? की आणखी ४ महिने थांबून अर्ज करावा?

दुसरे वकील पोटगीच्या रकमेवर टक्का मागतात. बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांत हे बसतच नाही, त्यामुळे ते बाद. एकरकमी फीत कायकाय धरून घ्यावं: मसुदा, दोन्ही तारखा (अर्जाची आणि ६ महिन्यांनंतरची), वकील उभा करायच्या परवानगीचा अर्ज (कौटुंबिक न्यायालयात तो हक्क आपोआप नसतो), हुकुमाची प्रमाणित प्रत?

दोघांचा एकच वकील चालेल का? संमतीच्या अटींत मुलीच्या सुट्ट्या, शाळेची फी, पासपोर्टवरची सही मोघम राहिली की पुढे भांडणं तिथेच होतात. हे बारकाईने लिहिणारं कुणी माहीत असेल तर नाव मेसेजमध्ये कळवा.