मुलीच्या युझूला बुडातून बेलासारखी पानं आलीत, ठेवू की काढू?

घोडबंदरची_बाग: नमस्कार, मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, माझ्या गॅलरीत कागदी लिंबू आहे पण प्रश्न त्याचा नाही. मुलगी इंग्लंडला असते, तिने दोन वर्षांपूर्वी युझूचं कलम आणलं, जपानी लिंबू, थंडी सोसतं. काल व्हिडिओ कॉलवर बघितलं तर मूळ झाड होतं तेवढंच आणि बुडातून दोन काटेरी फांद्या कमरेएवढ्या वाढल्यात, पानं थेट बेलासारखी तीन-तीन. ती म्हणते वाढतंय तर वाढू दे, मला काही बरं वाटेना. आणि आता नोव्हेंबरात सगळंच झाड छाटलं तर चालेल का, मी इथे पावसाळा संपला की छाटते.

ऐरोली_गच्ची: ताई तो खुंट फुटलाय, म्हणजे ज्या दुसऱ्या झाडाच्या बुडावर युझू बांधलंय ते झाड. थंड देशात ही कलमं बऱ्याचदा ट्रायफोलिएट ऑरेंजवर, म्हणजे तीन-तीन पानांच्या काटेरी संत्र्यावर बांधतात, आपल्याकडे संत्र्याला जंबेरी नाहीतर रंगपूर लाईम वापरतात तसंच. काट्यांवरून ठरवू नका, युझूलाही भरपूर काटे असतात, पान बघा, युझूचं पान एकेकटं आणि देठाला रुंद पंख. जोडाच्या, म्हणजे कलम बांधल्याच्या गाठीच्या खालून जे येईल ते काढायचंच, आत्ता काढलं तरी चालतं, अगदी बुडापासून, खोडाला ठुसका ठेवला तर तिथूनच परत फुटतं. माझ्या मोसंबीला असे फुटवे आले तेव्हा मी कौतुकाने वाढू दिले आणि शेवटी मोसंबी वाळली, जंबेरी उरली, अजून वाईट वाटतं.

वाशी_सेक्टर१७: खुंटाचं बरोबर, पण बाकी छाटणी आत्ता नको हं. कापलं की कोवळी पालवी सुटते आणि तिकडे पहिल्याच दहिवरात, म्हणजे हिम पडलं की, ती काळी पडते. मार्चअखेर-एप्रिल, दहिवर थांबलं की मग सल म्हणजे वाळक्या फांद्या काढा, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढा, सरळ वर जाणारे पाणसोट काढा, बस. सगळे शेंडे कापून गोल करायला जाऊ नका, फुलं शेंड्यांकडेच येतात. युझू जमिनीत उणे ९ पर्यंत तग धरतं म्हणतात पण कुंडीत मुळांना चहूबाजूंनी गारठा लागतो, कुंडी भिंतीला लावून गोणपाटात गुंडाळा. आणि पाणी कमी, साधारण १३ अंशांखाली झाड वाढतच नाही, माती ओली राहिली की मुळं कुजतात, थंडीपेक्षा यानेच जास्त जातात झाडं.

घोडबंदरची_बाग: लगेच फोन केला. जोडाची गाठ मातीच्या चार बोटं वर आहे आणि दोन्ही फांद्या तिच्या खालूनच. माझं कागदी बियांपासूनचं, त्यामुळे हे कधी बघितलंच नव्हतं. उद्या जाड हातमोजे घालून काढते म्हणाली, बाकी झाडाला एप्रिलपर्यंत हात लावणार नाही.