शेकापमधला (शेतकरी कामगार पक्षातला) वाद नेतृत्वाचा की घरातला? अलिबाग-पेणकडच्यांना विचारतोय

रेवदंडाकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे ते आज विचारून टाकतो. मी चौल-रेवदंड्याकडचा, नोकरीमुळे ठाण्याला असतो पण मतदान अजून गावालाच ठेवलंय. आमच्या घरात आजोबांपासून खटारा, म्हणजे शेकापचं बैलगाडीचं चिन्ह. उमेदवार कोण हे विचारायची पद्धतच नव्हती, खटाऱ्यावर शिक्का मारायचा आणि घरी येऊन जेवायचं. आजीला पक्षाचं पूर्ण नाव सांगता यायचं नाही, ती नुसतं बावटा म्हणायची, म्हणजे पक्षाचा लाल झेंडा.

आता बघा, २००९ ला रायगडातून अलिबाग, पेण, उरण असे शेकापचे तीन आमदार. २०१४ ला उरण हजाराच्या आतल्या फरकाने गेलं, दोन राहिले. २०१९ ला जिल्ह्यात एकही नाही. २०२४ च्या जुलैमध्ये विधान परिषदेच्या ११ जागांना १२ उमेदवार उभे होते आणि पडले ते नेमके आपले सरचिटणीस जयंतभाई पाटील. ऑगस्टमध्ये पंढरपूरच्या अधिवेशनात जयंतभाई आणि पंडितशेठ या दोघा भावांतला वाद सगळ्यांसमोर आला, नोव्हेंबरात अलिबागमधून जयंतभाईंच्या सूनबाई चित्रलेखाताई हरल्या, पेण-पनवेल-उरणही गेलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पंडितशेठ, म्हणजे २०१४ चे आपलेच आमदार, भाजपमध्ये गेले. विधानसभेत आज पक्षाचा एकच माणूस, तोही सांगोल्याचा.

गावात गेलं की दोनच गोष्टी ऐकायला मिळतात, एक म्हणतो सगळं भाऊबंदकीने घालवलं, दुसरा म्हणतो गेले ते गद्दार. मला दोन्ही पटत नाही म्हणून विचारतोय. वाद झाला म्हणून पक्ष हरला, की हरत होता म्हणून वाद झाला? आणि ज्याला तिकीट नको, पद नको, फक्त बावटा राहावा असं वाटतं त्याने करायचं काय? उखाळ्यापाखाळ्या नकोत, माहिती असेल ते लिहा.

पेणचे आप्पा

रेवदंडाकर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण आमच्या वयाचे लोक हे चावडीवर बोलतात पण लिहीत कोणी नाही. माझं वय ७२, सभा ऐकण्यात आयुष्य गेलं.

आधी हे लक्षात घ्या की शेकापमध्ये भांडण नवीन नाही. १९४७ ला पक्ष निघाला, १९५० ला पक्षाची वैचारिक भूमिका मांडणारा दाभाडीचा प्रबंध आला, मार्क्सवाद कितपत मानायचा यावरून वाद झाले, आणि पुढे ज्यांनी पक्ष काढला ते केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परत गेले. संस्थापक गेले म्हणजे आज काय जाणार त्याच्यापेक्षा मोठी फूट होती ती! तरी रायगडात पक्ष उभा राहिला कारण गावात माणसं होती. अलिबागजवळच्या चरी गावात कुळांचा खोतांविरुद्धचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्धचा, संप २७ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झाला तो १९३९ पर्यंत चालला, कुळांनी सहा वर्षं खोताची जमीन कसली नाही, उपासमार काढली, लाकडं विकून दिवस काढले. नारायण नागू पाटलांनी ते उभं केलं आणि बाबासाहेब आंबेडकरांनी पाठीशी राहून १९३७ मध्ये खोती रद्द करायचं बिल आणलं. तेव्हा पक्ष जन्मालाही आला नव्हता, आणि मतं कुठून येतात हे तिथूनच ठरलं होतं.

नंतर कुळकायदा झाला, जमीन नावावर झाली. ज्यासाठी आजोबा लढले ते मिळालं, आणि नातवाने तीच जमीन बंगलेवाल्याला विकली. मी दोष देत नाही, भातशेतीत राहिलंय काय. पण खोत गेल्यावर पुढचा प्रश्न कुठला हे पक्षाला एकदाच नीट सापडलं, १९८४ ला सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे जासईला लोक उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा. त्यानंतर मुंबईहून गाड्यांसकट माणसं आणणारी रोरो बोट आली, अलिबागचे भाव कुठल्या कुठे गेले, खाडीकाठचे बांध म्हणजे खारबंदिस्ती फुटून खारं पाणी शेतात शिरतंय, मच्छीमारांच्या तक्रारी आहेत, आणि या प्रश्नांवर पक्षाचं नाव निघेल असं काम मला तरी दिसलं नाही. पनवेल-उरणकडे त्यात कर्नाळा बँक गेली, २०२१ ला रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला, ठेवीदार म्हणजे आपलेच लोक होते, तो राग कुठेतरी निघणारच.

आणि २०२४ चं म्हणाल तर उरणचा आकडा बघा. प्रीतम म्हात्रे साधारण साडेसहा हजारांनी पडले आणि त्याच महाविकास आघाडीतल्या ठाकरेंच्या सेनेचे मनोहर भोईर जवळपास ७० हजार मतं घेऊन तिसरे. पेण, पनवेललाही तेच, आघाडीचे दोन-दोन उमेदवार. हे काय भावांच्या भांडणाने झालं? जागावाटप झालं नाही म्हणून झालं. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं की पक्ष आधीपासून हरत होता, वाद नंतर आला, आणि वाद आल्यावर हरण्याचं खरं कारण बोलायचं राहूनच गेलं. पुढे प्रीतमही भाजपमध्ये गेले, मग त्या ८०-९० हजार मतांचा हिशोब कोण मागणार.

राजापूरवाली

आप्पा, शेवटचं वाक्य अगदी आमच्याकडचं आहे. मी राजापूर तालुक्यातली, पक्ष वेगळा पण गोष्ट तीच म्हणून लिहिते. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून विधानसभेच्या आठ जागा, २०२४ ला त्यातली ठाकरेंच्या सेनेकडे एकच राहिली, गुहागर, तीही भास्कर जाधवांनी जेमतेम काढली. आमच्याकडे राजन साळवी, २००९ पासून सलग तीन वेळा आमदार, शिंदेंच्या सेनेच्या किरण सामंतांकडून जवळपास २० हजारांनी हरले. मग सुरू झालं, साळवींची आपल्याच पक्षाचे माजी खासदार विनायक राऊतांवरची नाराजी उघड झाली, बैठका झाल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये साळवी शिंदेंकडे गेले.

पण मला सांगा, या सगळ्यात बारसूच्या रिफायनरीचं नाव कुणी घेतलं? एप्रिल २०२३ ला बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, बायका उन्हात आडव्या पडल्या होत्या, पोलीस होते, अश्रुधूर होता. पक्ष म्हणायचा आम्ही लोकांबरोबर आणि आमदार साळवी म्हणायचे रिफायनरी हवी, रोजगार येईल. आता दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं असू शकतं, माझ्या घरातच दोन मतं आहेत. पण एका पक्षाचा खासदार एक बोलतो आणि आमदार दुसरं, तर मतदाराने कशाला मत द्यायचं? खरा वाद हा होता, आणि तो निवडणुकीच्या आधी समोरासमोर बसून मिटवायचा होता. तो मिटला नाही आणि हरल्यावर कुणी कुणाला पाडलं एवढंच उरलं. नेतृत्वाचा वाद म्हणतात तो असाच होतो, मुद्द्यावर बोलायचं टाळलं की शेवटी माणसावर येतं.

कुडाळचो

माका विचारशात तर आमच्या हय ह्या सगळा आधीच होवन गेलाहा. २०१४ आठवा. लोकसभेक निलेश राणे दीड लाखाच्या आसपास मतांनी पडले, विनायक राऊत निवडून इले. जुलैत काँग्रेसच्या नारायण राणेसाहेबांनी, म्हणजे निलेशच्या वडलांनी, मंत्रिपदाचो राजीनामो दिल्यानी, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांच्या कारभारावर बोट ठेवल्यानी, दोनेक आठवड्यांनी राजीनामो मागे. ऑक्टोबरात कुडाळात वैभव नाईकांनी खुद्द राणेसाहेबांका पाडल्यानी.

आता प्रमाण भाषेत लिहितो नाहीतर इतरांना कळायचं नाही. राज्यात काँग्रेस ८२ वरून ४२ वर आली त्या वर्षी. म्हणजे लोकसभा आणि विधानसभा यांच्यामधले जे चार-पाच महिने दुरुस्तीचे होते ते राजीनामा दिला, घेतला, कोण खूश कोण नाराज यात गेले. आणि २०१७ ला राणेसाहेब काँग्रेसमधून बाहेर पडल्यावर जिल्ह्यातली काँग्रेस अशी विरली की बोर्ड राहिला आणि खुर्च्या रिकाम्या. कारण कार्यकर्ते माणसाबरोबर होते, पक्षाबरोबर नव्हते. आमच्याच जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने नाथ पै बघितले, मधु दंडवते १९७१ पासून १९९१ पर्यंत खासदार म्हणून बघितले, त्यांच्या पक्षाची नावं आणि फाटाफुटी मोजता येणार नाहीत इतक्या, तरी लोक त्यांना कशासाठी मत देतोय ते सांगू शकायचे. रेवदंडाकरांनू, तुमच्याकडे अजून निदान बावटा म्हणणारी आजी होती, ती पुंजी मोठी आहे.

रेवदंडाकर

सगळ्यांचे आभार. आप्पा, चरीचं शाळेत कुणी शिकवलंच नाही आम्हाला, गाव १०-१२ मैलांवर असून. राजापूरवाली ताई, तुमचा मुद्दा डोक्यात बसला. पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला, साध्या माणसाने करायचं काय? आढावा बैठक असते म्हणतात, तिथे आमच्यासारख्याला बोलता येतं का?

जयगडखाडी

त्याचं उत्तर मी देतो कारण मी तिथे बसलेलो आहे. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या-आमच्या कुठल्याही पक्षात हेच चालतं. मी रत्नागिरी तालुक्यात एका खाडीकाठच्या गावात बूथप्रमुख होतो. मतदान झालं त्या रात्री मी यादी घेऊन बसलो आणि एका वहीत लिहून काढलं की आपल्या हक्काची कुठली घरं आली नाहीत आणि का. वाडीतले चाकरमानी आले नाहीत कारण दर वेळी मुंबईहून गाडी लागते ती या वेळी लागलीच नाही, वर मतदान बुधवारी, सुट्टी काढून कोण येणार. काही खलाशी बोटीवर होते. एका वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पावसात गेला होता, त्यांना दोन वर्षं शब्द दिला होता आपल्याच माणसाने, ते लोक घरात बसून राहिले, दुसऱ्यालाही मत दिलं नाही त्यांनी.

ती वही घेऊन मी आढावा बैठकीला गेलो. वर स्टेजवर दोन गट, एक म्हणतो जिल्हाप्रमुख बदला, दुसरा म्हणतो उमेदवारानेच काम केलं नाही. दोन तास झाले. मी हात वर केला, म्हणाले लेखी द्या. लेखी द्यायला गेलो तर घेणारा माणूस जेवायला गेलेला. शेवटी दोन नेत्यांच्या दोन वेगळ्या घोषणा झाल्या आणि सगळे गाड्यांत बसले. वाईट याचं वाटलं की साकवाचं त्या खोलीत कुणालाच कळलं नाही आणि पुढच्या निवडणुकीतही ती वाडी घरातच बसेल.

तेव्हा रेवदंडाकर, बैठकीत बोलायला मिळेल यावर विसंबू नका. जिल्हा परिषदेवर २०२२ पासून काही वर्षं प्रशासक बसला होता, म्हणजे गावचा प्रश्न मांडणारा सदस्यसुद्धा नव्हता. पुढची निवडणूक कधीतरी लागेलच. त्याआधी तुमच्या वाडीची यादी काढा, ग्रामपंचायतीच्या वेबसाइटवर नाही, मतदार यादी तालुक्याला मिळते. कोण मुंबईला, कोण बोटीवर, कोण रागावलंय आणि कशावरून, एवढंच लिहा. मग सरचिटणीस कोण का असेना, जो मत मागायला दारात येईल त्याच्यासमोर वही उघडा, आणि चार माणसं सोबत ठेवा म्हणजे जेवायला जाणार नाही.

पेणचे आप्पा

जयगडवाले, चरीलाही असंच झालं होतं असं आमचे वडील सांगायचे, कुणाकडे किती खंडी भात थकलंय ते आधी घरोघर जाऊन विचारलं आणि मग सभा.

रेवदंडाकर

येत्या रविवारी गावी जातोय. आमच्या वाडीत ४० एक घरं आहेत, दोन फेऱ्यांत होतील. जयगडकर, वहीच्या एका पानाचा फोटो टाका ना, नावं झाकून, रकाने कसे आखलेत तेवढं बघायचंय.