मदत हवी आहे: लेकीच्या पापणीची शस्त्रक्रिया आधी, की वाढता नंबर आवरणं आधी?

लेक नऊ वर्षांची आहे. डावी पापणी जन्मापासूनच खाली उतरलेली, टोसिस म्हणतात ते. वाचताना हनुवटी वर करून, भुवई ताणून फटीतून बघते. आळशी डोळा नाही, हे तपासून झालंय. पण वर्षभरात दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस सव्वावरून अडीचवर गेला. डाव्याला सिलिंडरही आहे, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेचा नंबर.

पापणी उचलणारा स्नायू फार दुबळा, उचल जेमतेम 4 मिमी. म्हणून सर्जन स्लिंग सुचवतात, म्हणजे पापणी कपाळाच्या स्नायूला जोडायची. नंबरासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दोन पर्याय दिले: रोज रात्री कमी ताकदीच्या ॲट्रोपिनचा थेंब, नाहीतर रात्री घालून झोपायच्या ऑर्थो-के लेन्स. दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत, मधली निरोप्या मी.

पापणी उचलली की नंबर उतरेल, अशी सासूबाईंना खात्री आहे. मला नाही. खरं काय? शिवाय स्लिंगनंतर झोपेत डोळा किंचित उघडा राहतो म्हणे, मग त्या लेन्सचं काय? आणि चष्मा मुद्दाम कमी नंबरचा दिला तर वाढ मंदावते का?

प्रतिसाद १
ऑप्टोमेट्रिस्ट आहे, पण मुलीला तपासलेलं नाही हे धरून वाचा. नंबर उतरणार नाही. तो वाढतो डोळ्याचा गोळा मागे लांबत गेल्याने, पापणीने ती लांबी घटत नाही. सिलिंडर मात्र बदलू शकतो, कारण पापणीचा दाब कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर डोळा स्थिरावला की बाहुली मोठी करून नंबर पुन्हा काढून घ्या. कमी नंबरच्या चष्म्याचा नाद सोडा, त्याने वाढ थांबत नाही आणि फळा दिसत नाही तो वेगळाच.

ऑर्थो-केबद्दल तुमची शंका रास्त आहे. डोळा नीट मिटत नसेल तर कॉर्निया कोरडा पडतो, त्यावर रात्रभर लेन्स म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. मी तरी देणार नाही. ॲट्रोपिनला ही अडचण नाही. हाँगकाँगच्या चाचणीत 0.01, 0.025 आणि 0.05 टक्के थेंबांची तुलना झाली, त्यात नंबराची वाढ मंदावण्यात 0.05 सरस ठरला. ताकद डॉक्टरच ठरवतील, पण विचारा जरूर. उन्हात डोळे दिपू शकतात. रोज दोनेक तास बाहेर खेळणं हवंच.

मायोपियासाठी, म्हणजे मायनस नंबरची वाढ आवरायला, खास काचांचे चष्मेही मिळतात, पण त्यांच्या मध्यातून बघावं लागतं. हनुवटी वर असली की मूल काचेच्या खालच्या भागातून बघतं. म्हणून ते शस्त्रक्रियेनंतर.

प्रतिसाद २
मुलाची स्लिंग झालीय. रात्री डोळ्यात मलम घालतो, सवय होते. खाली बघताना ती पापणी सोबत खाली येत नाही, वरच राहते, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतेय.

मूळ प्रश्नकर्ती
आभार! म्हणजे थेंब आत्ताच सुरू करता येतील, शस्त्रक्रियेसाठी थांबायला नको, बरोबर? डोळ्याची लांबी अजून कुणी मोजलेली नाही. ती दर सहा महिन्यांनी मोजून घ्यावी का?

प्रतिसाद १
थांबण्याचं कारण दिसत नाही. लांबी थेंब सुरू करण्याआधीच मोजा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.